लाहिरीबाबूंची टर्बो

भवानीपूरच्या माझ्या गॅरेजात टॅक्सी आली काय, डॉक्टरांची गाडी आली काय, किंवा फुलांनी सजवलेली वराची गाडी ऐन मुहूर्ताला ढकलत आणली काय, बॉनेट उघडलं की आत साधारण तेच इंजिन असायचं. डोळे मिटून हात घातला तरी कुठला नट कुठे आहे ते कळायचं. पोट भरायला हे फार सोयीचं, पण बढाई मारायला त्यात काही उरत नाही. त्यामुळे 'कलकत्त्यात एवढी वर्षं काय केलंत?' असं कोणी विचारलं की मला एकच गाडी आठवते. तिच्याइतकी मेहनत मी दुसऱ्या कुठल्या गाडीवर केली नाही, आणि तिच्याइतका घोळही दुसऱ्या कुठल्या गाडीत घातला नाही.

मी मूळचा कराडचा. लष्कराच्या वर्कशॉपात पंधरा वर्षं काढली, शेवटची नेमणूक फोर्ट विल्यमला. नायब सुभेदार म्हणून बाहेर पडलो तेव्हा गावी परत जायचा विचार होता. पण माझी पत्नी सुधा कलकत्त्यातच जन्मलेली, तिसऱ्या पिढीची मराठी. ती शाळेत गणित शिकवायची, घरात मराठी बोलायची आणि भांडण रंगात आलं की नकळत बंगालीत शिरायची. तिनं नोकरी सोडायला साफ नकार दिला. मग मीच राहिलो आणि एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याच्या आवारात गॅरेज टाकलं. हे साधारण सत्तर सालच्या अलीकडचं-पलीकडचं.

एके दिवशी सकाळी आवारात निळ्या धुराचा ढग आला आणि ढगामागून गाडी आली. लाल रंगाची, बुटकी, दोनच दारं असलेली अमेरिकन स्पोर्ट्स गाडी. स्टिअरिंग डावीकडे. आतून उतरले ते धोतर नेसलेले, पन्नाशीतले, सोन्याच्या काड्यांचा चष्मा लावलेले गृहस्थ. ते लाहिरीबाबू. डलहौसीतल्या एका चहाच्या कंपनीत चहा चाखून त्याची प्रत ठरवणं हा त्यांचा व्यवसाय. कंपनीच्या कामासाठी तीन वर्षं अमेरिकेत होते, तिथे पत्नीच्या हट्टाखातर ही गाडी घेतली आणि येताना जहाजातून आणली. पत्नी इथे आल्यावर दोनच वर्षांत वारल्या. तेव्हापासून लाहिरीबाबू रोज याच गाडीतून बालिगंजहून ऑफिसला जात. ताशी वीस मैल, फार तर बावीस.

'पाच गॅरेजं झाली,' ते म्हणाले. 'पाचही जण म्हणतात, टर्बो काढून टाका, साधा कार्ब्युरेटर लावा. तुम्ही सैन्यातले आहात म्हणून शेवटचं विचारायला आलो.'

टर्बो म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. इंजिनातून जो जळका वायू बाहेर पडतो तो एरवी सायलेन्सरमधून वाया जातो. टर्बोमध्ये हा वायू एका पंख्यावर सोडतात. पंखा फिरतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक पंखा असतो, तो हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबून इंजिनात कोंबतो. जास्त मिश्रण म्हणजे जास्त ताकद. एक दांडा आणि दोन पंखे, एवढीच गोष्ट. पण तो दांडा मिनिटाला हजारो फेरे मारतो, आणि त्याला आधार असतो फक्त तेलाच्या पातळ थराचा. सैन्यात मोठ्या डिझेल इंजिनांवर मी टर्बो पाहिले होते, दोन उघडलेही होते. पेट्रोलच्या गाडीवर मात्र पहिल्यांदाच पाहत होतो. तसं मी लाहिरीबाबूंना सांगितलं नाही. चेहरा गंभीर केला आणि गाडी ठेवून जायला सांगितलं.

इंजिन मागच्या डिकीत होतं. उघडून बघितल्यावर रोग लवकर कळला. दांड्यावर तेल अडवणारं कार्बनचं सील झिजलं होतं. ते मी काचेवर बारीक पेस्ट लावून, आठच्या आकड्यात हात फिरवत, दोन दिवस घासून सपाट केलं. धूर थांबला. पण रोगाचं मूळ सील नव्हतं, मूळ लाहिरीबाबू होते. त्या गाडीची रचना अशी की इंजिन नुसतं हळूहळू चालत राहिलं तर टर्बोच्या आत हवा ओढली जाते आणि हवेबरोबर तेलही ओढलं जातं. ट्रामच्या मागे रांगत जाणाऱ्या गाडीत ते दिवसभर ओढलं जाणार. पायडल जोरात दाबून पंखा फिरवला तरच ती निरोगी राहणार. लाहिरीबाबूंनी अमेरिकेतून आल्यापासून तो पंखा एकदाही नीट फिरवला नव्हता. डॅशबोर्डावर टर्बोच्या दाबाचा वेगळा काटा होता, तो जागचा हलल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

मी त्यांना औषध लिहून दिलं. अक्षरशः कागदावर लिहून दिलं. आठवड्यातून एकदा, पहाटे, डमडमच्या विमानतळाकडे जाणाऱ्या नव्या रुंद रस्त्यावर दहा मैल जोरात. थांबवण्याआधी दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवणं, म्हणजे तापलेल्या दांड्यावर तेल जळून बसणार नाही.

लाहिरीबाबूंनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, जोरात म्हणजे किती. मी म्हटलं, साठ. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि मला कळलं की हे औषध पोटात जाणार नाही.

तेव्हा त्यांची मुलगी मिताली पुढे आली. ती भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करत होती, वडिलांबरोबर गाडी घ्यायला आली होती आणि आतापर्यंत मागच्या डिकीत डोकं घालून उभी होती. ती मला पहिल्याच दिवसापासून 'काकू' म्हणायला लागली. बंगालीत काकू म्हणजे काका. ही बातमी घरी कळल्यावर सुधा तासभर हसत होती, आणि पुढे कित्येक दिवस मला जेवायला 'काकू, पानं घेतली' असं म्हणून बोलवायची.

मितालीला गाडी चालवता येत होती, पण ही गाडी तिला मिळत नव्हती. आईची गाडी, काही झालं तर सुटे भाग मिळायचे नाहीत, आणि मुलीनं पहाटे साठच्या वेगानं गाडी हाकायची म्हणजे काय. लाहिरीबाबूंची कारणं पुष्कळ होती. ती दीड महिना त्यांच्या मागे लागली. मी पण सांगितलं की गाडी वाचवायची असेल तर कोणीतरी ती पळवलीच पाहिजे. शेवटी ते कबूल झाले. रविवारी पहाटे मिताली चालवणार, लाहिरीबाबू शेजारी बसणार. ते पट्टा धरून बसतात असं मितालीनं मला सांगितलं. तीन-चार रविवार छान गेले. गाडीचा सूर बदलला, प्लग स्वच्छ राहू लागले, आणि भवानीपुरातले इतर गॅरेजवाले मला मान तुकवून नमस्कार करायला लागले. मला ते आवडत होतं. खोटं कशाला बोला.

मग मी टर्बोच्या तोंडावर बसलेला, हवा आणि पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर साफ करायला काढला. काही गरज नव्हती. पण त्या दिवसांत मला त्या गाडीला हात लावायला कारणच हवं असायचं. साफ केला, बसवला, गाडी दिली.

पुढच्या रविवारी त्या रुंद रस्त्यावर मितालीनं पायडल दाबलं आणि मागून पत्र्याच्या डब्यात खिळे टाकून हलवावेत तसा आवाज आला. गाडीची ताकद गेली. टॅक्सीला दोर बांधून ती माझ्याकडे आणली. मिताली पांढरीफटक पडली होती. मी चौकशी केली तेव्हा तिनं सांगितलं की त्या दिवशी रस्ता मोकळा होता म्हणून तिनं सत्तरच्या वर नेली होती.

दुपारी मी एकट्यानं टर्बो उघडला. मिश्रण दाबणाऱ्या पंख्याची अर्धी पाती उडाली होती. पंख्याच्या घराच्या, म्हणजे बाहेरच्या कवचाच्या, तळाशी चुऱ्यात एक वाकडा झालेला लहानसा स्प्रिंग वॉशर पडला होता. तो काळा होता. त्या गाडीचे सगळे अमेरिकन वॉशर पांढरे, मुलामा दिलेले. काळे वॉशर माझ्या डब्यातले. कार्ब्युरेटर बसवताना एक हातातून निसटला असणार, टर्बोच्या उघड्या तोंडातून आत पडून कोपऱ्यात अडकून राहिला असणार, आणि पंखा जोरात फिरल्यावर आत ओढला गेला. वर्कशॉपात पहिल्याच आठवड्यात शिकवतात: उघड्या तोंडाला आधी फडकं लावा, मग वॉशर हातात घ्या. मी स्वतः शेकडो जवानांना हे शिकवलं होतं.

संध्याकाळी लाहिरीबाबू आले. मी त्यांना मोडका पंखा दाखवला. वॉशर माझ्या खिशात होता. त्यांनी पाती बघितली आणि विचारलं, 'वेगामुळे?'

मी म्हणालो, 'वेगात असं होऊ शकतं.'

वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच ते मला इतकी वर्षं टोचतं. सरळ खोटं बोललो असतो तर एकदाच लाज वाटून संपलं असतं.

लाहिरीबाबूंनी घरी जाऊन मितालीला सांगितलं की यापुढे तिनं कुठलीच गाडी चालवायची नाही. हे मला मंगळवारी कळलं, कारण मंगळवारी मिताली स्वतः आली. माफी मागायला. मी दोन दिवस काचेवर सील घासत बसलो होतो ते तिला माहीत होतं. माझी मेहनत तिनं घालवली, असं ती म्हणाली. नक्की किती फेऱ्यांना पाती तुटली असतील याचा तिनं हिशेब करून पाहिला होता, पण तो जुळत नव्हता. 'सत्तरला तुटायला नको होतं, काकू. मी काहीतरी वेगळंच चुकीचं केलं असणार.' ती काय ते विचारत होती. मी तिला म्हटलं, जाऊ दे, होतं असं. ती गेली.

त्यानंतरचे तीन दिवस मी टॅक्सीचे ब्रेक दुरुस्त करत होतो आणि जेवण अर्धवट टाकत होतो. सुधानं दोन दिवस बघितलं, मग विचारलं. मी वॉशर खिशातून काढून ताटाशेजारी ठेवला आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती समजूत काढेल. तिनं वॉशर उचलून बघितला. म्हणाली, 'माझ्या वर्गात मुलीचं गणित बरोबर असेल आणि पुस्तकातलं उत्तर चुकलेलं असेल, तर मुलगी रात्रभर रडते. तुम्ही त्या पोरीला चुकलेलं उत्तर दिलंत.' मग वॉशर परत माझ्या ताटाशेजारी ठेवून ती स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डलहौसीला लाहिरीबाबूंच्या ऑफिसात गेलो. मला थेट चाखण्याच्या खोलीत नेलं. लांबच लांब टेबल, त्यावर पांढऱ्या वाट्यांची रांग, प्रत्येक वाटीत चहा. लाहिरीबाबू पांढरा अॅप्रन बांधून एकेक चमचा सुर्रकन आवाज करून ओढत होते, तोंडात घोळवत होते आणि शेजारी चाकांवर ढकलत नेलेल्या पितळी पिंपात थुंकत होते. मागून एक कारकून त्यांचे शब्द वहीत टिपत होता. मी त्यांच्याबरोबर टेबलाच्या बाजूनं सरकत सरकत बोललो. वॉशर दाखवला. ते थांबले नाहीत. आणखी तीन वाट्या झाल्या.

मग त्यांनी कारकुनाला बाहेर पाठवलं. 'किती दिवस झाले?'

'सहा.'

'मिताली तुमच्याकडे आली होती. मंगळवारी.'

'हो.'

'तेव्हा सांगितलं नाहीत.'

'नाही.'

त्यांनी अॅप्रनला हात पुसले. मला वाटलं, आता गाडी उचलून नेतील आणि अख्ख्या कलकत्त्याला सांगतील. ते म्हणाले, 'मला सांगून काय उपयोग? मी पण तिला त्या दिवशी पुष्कळ बोललो. तिची आई असती तर बोललो नसतो. तुम्ही जाऊन तिला सांगा. मग मी सांगतो.'

मितालीला मी त्यांच्या घराच्या पायरीवरच सांगितलं, आत जायची हिंमत झाली नाही. तिनं ऐकून घेतलं. पहिल्यांदा ती एवढंच म्हणाली, 'म्हणजे माझा हिशेब बरोबर होता.' मग ती खूप रागावली. सहा दिवस ती त्या आवाजाचा विचार करत होती, झोपेतून उठून करत होती, असं तिनं मला सुनावलं, आणि त्या वेळी ती मला काकू म्हणाली नाही. मी तिच्यासमोर सावधान उभा राहिलो. सैन्यात पंधरा वर्षांत वरिष्ठांसमोर कधी इतका ताठ उभा राहिलो नव्हतो. सगळं बोलून झाल्यावर तिनं विचारलं की पंखा नवीन करता येईल का. मी म्हटलं, अमेरिकेहून मागवायला परवाना मिळणार नाही, इथेच ओतावा लागेल, जमेल की नाही माहीत नाही.

'मी प्रत्येक ठिकाणी बरोबर येणार,' ती म्हणाली. 'डोळ्यांसमोर झालेलं पाहिजे.' माझ्यावर तिचा विश्वास उरला नव्हता, आणि ते योग्यच होतं.

हावड्यात मान्नाबाबूंची ओतशाळा होती. पाण्याच्या पंपाचे पंखे ओतणं हे त्यांचं नेहमीचं काम. आमचा मोडका पंखा त्यांनी तळहातावर घेऊन फिरवला आणि विचारलं की हे एवढंसं कमळ कुठल्या देवाचं. शिल्लक पात्यांवरून त्यांनी लाकडाचा नमुना केला, थोडा मोठा, कारण अॅल्युमिनियम थंड होताना आक्रसतं. किती मोठा ते मितालीनं पाठीमागे बसून काढून दिलं. मान्नाबाबूंनी ते मान्य केलं नाही. ते म्हणाले, चाळीस वर्षं मी अंगठ्यानं मोजतोय. पहिला पंखा अंगठ्याच्या मापानं ओतला, तो घरात शिरेना. दुसऱ्यात हवेचे फोड निघाले. तिसऱ्याचं एक पातं अपुरं राहिलं. चौथा मितालीच्या आकड्यानं ओतला, तो बसला. मान्नाबाबू माझ्याकडे बघून म्हणाले, या वेळी अंगठा बरोबर पडला.

दांड्याचा आधार म्हणून मी पितळेचं नवीन बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती नळी, कातून घेतलं. उरला तोल. एवढ्या वेगानं फिरणाऱ्या पंख्याची एक बाजू तांदळाच्या दाण्याइतकी जड असली तरी तो स्वतःला फाडून घेतो. दोन ब्लेडच्या धारांवर दांडा ठेवून, जड बाजू खाली येईल तिथे कानशीनं घासून, मी जमेल तेवढा तोल साधला. पण ते पुरेसं नव्हतं. तेव्हा मला जोगळेकर आठवले. आमच्या मराठी मंडळींच्या गणपतीत ते आरतीला तबला धरायचे. डमडमला विमानांच्या दुरुस्तीच्या विभागात इंजिनिअर होते आणि त्यांच्याकडे विमानातल्या लहान चक्रांचा तोल तपासायचं यंत्र होतं. मी पंखा रुमालात बांधून त्यांच्यासमोर ठेवला.

'कुठल्या विमानाचा आहे हा?' त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की विमानाचा नाही, बालिगंजच्या एका चहावाल्याचा आहे. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत या म्हटलं. त्या सुट्टीत त्यांनी स्वतःचा डबा उघडलाच नाही. यंत्र आकडा दाखवायचं, मिताली जागा सांगायची, मी घासायचो. चौथ्यांदा लावल्यावर काटा शांत राहिला. जोगळेकर म्हणाले, आमच्या विमानांतली काही चक्रं याच्यापेक्षा वाईट आहेत, पण हे तुम्ही कोणाला सांगू नका. आता त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, म्हणून सांगतो.

टर्बो बसवताना मी प्रत्येक तोंडाला फडकं लावलं. मिताली वॉशर मोजून हातात देत होती आणि उरलेले मोजून परत घेत होती. शेवटचा वॉशर लागल्यावर तिनं मला म्हटलं, 'काकू, आता चालू करा.' त्या एका शब्दानं माझ्या पाठीवरचं ओझं उतरलं.

रविवारी पहाटे आम्ही विमानतळाच्या रस्त्यावर गेलो. लाहिरीबाबूंनी मला पुढे मितालीच्या शेजारी बसवलं, आणि स्वतः धोतर सावरत मागच्या अरुंद सीटवर गुडघे छातीशी घेऊन बसले. वेग मिताली मोठ्यानं सांगत होती, मी दाबाच्या काट्याकडे बघत होतो. पन्नासला तो थरथरला. साठला उठला. मागून एक बारीक शीळ सुरू झाली, आणि ती गाडी अशी पुढे झेपावली की लाहिरीबाबूंचा चष्मा नाकावरून घसरला. खडखड नाही, धूर नाही. मितालीनं मला विचारलं, अजून? मी घाबरलो होतो, पण म्हटलं, अजून. पंख्याला भ्यायला लागलो असतो तर तो बनवला कशाला?

तो पंखा पुढे दोन वर्षं तरी माझ्या देखत चालला. मग पेट्रोल एकदम महागलं. कोणी हौसेनं गाडी पळवेनासं झालं. त्याच सुमाराला मितालीला दुर्गापूरच्या एका कॉलेजात शिकवण्याची नोकरी लागली आणि लाहिरीबाबूंनी गाडी तिला देऊन टाकली. मी सर्व्हिसिंग करून, वॉशरची एक पुडी बरोबर बांधून दिली, पांढऱ्या वॉशरची. तिला पोहोचवायला लाहिरीबाबूही निघाले होते. गाडी कशी चालते ते कळवा, असं दोघांना सांगून ठेवलं.

आठ दिवसांनी लाहिरीबाबूंचं पोस्टकार्ड आलं. ते इंग्रजीत लिहायचे, चहावरचे शेरे लिहावेत तसं. वर्धमानच्या पुढे रस्ता चांगला. धूर नाही. आवाज नाही. वेग पंच्याहत्तर. चालवणारी उत्तम. मी संपूर्ण प्रवासात डोळे मिटून होतो.

त्याच टपालात मितालीचं वेगळं पत्र होतं. त्यात फक्त एवढंच होतं की बाबा डोळे मिटल्याचं सगळ्यांना सांगतायत, त्यावर विश्वास ठेवू नका. ते मला सारखे म्हणत होते, पंच्याहत्तरच का, काट्याला अजून जागा आहे.